काट्याचा फोटो

"भाविका आली गो मांडवात, मेढी कुरकुरल्या,
चार पाटांवर एकटी बसली, पंगती सरकल्या!"

सात वर्षं झाली त्या आवाजाला. नरपड गावातली हळद, अंगणात मांडव, आणि भरतीच्या लाटेलाही दामटून पुढे जाईल असा तो खणखणीत गळा. हळदीला आलेल्या एकेकाचं नाव घेऊन उभ्याउभ्या गाणं जुळवायचं, त्याचं नाक, त्याची चाल, त्याचं टक्कल सगळ्यांपुढे मांडायचं, आणि ज्याच्यावर गाणं पडलं त्यानं सगळ्यांच्या आधी हसायचं, ही तिथली रीत. त्या दिवशी गाणं पडलं चौदा वर्षांच्या भाविकावर. मांडव हसून हसून वाकला. भाविकाही हसली. हसता हसता तिनं हातातली अर्धी जिलबी पत्रावळीच्या कडेला ठेवली, ती पुन्हा उचलली नाही. ती जिलबी कोणाला दिसली नाही. गाणं मात्र सगळ्यांनी पाठ केलं.

गाणं जुळवणारी होती तिची आई, हंसा.

हंसाची जीभ म्हणजे डहाणूच्या मासळीबाजाराचं वैभव. गिऱ्हाइकानं पापलेटाचा कल्ला उघडून नाक खुपसलं, की ती म्हणे, "हुंगा शेठ, हुंगा. तुमच्यासाठीच अत्तर शिंपडून ठेवलंय." शेजारच्या टोपलीवाल्या पदरात तोंड घालून हसत. नवरा मोतीराम होडीवर गेला की चार-चार दिवस येत नसे, आणि आला की बोलत नसे. त्याच्या वाटचंही बोलणं हंसाच बोलून घेई. तिला जगात फार थोड्या गोष्टींबद्दल आदर होता. त्यात डॉक्टर नव्हते, सरकारी माणसं नव्हती, आणि खाडीच्या पलीकडे, डोंगराच्या बाजूला राहणारी माणसं तर मुळीच नव्हती. "त्यांना काय कळतंय? खेकडा दिसला तरी पाया पडतील," असं ती म्हणायची, आणि ऐकणारे हसायचे. हसणारे मिळत गेले की माणसाला आपलं सगळंच खरं वाटायला लागतं.

मग भाविका बारीक होत गेली. हळूहळू, ओहोटीचं पाणी उतरावं तशी; रोज बघणाऱ्याला कळत नाही, आणि एक दिवस बघावं तर होड्या चिखलात बसलेल्या. गावानं काय केलं? गावानं कौतुक केलं. मांडवात ज्यांनी टाळ्या पिटल्या होत्या, त्याच बायका आता तिची हनुवटी धरून म्हणू लागल्या, "काय गो रूप आलंय! काय खातेस सांग तरी." कोणी विचारलं नाही, काय खात नाहीस. ब्लाऊज दोनदा आत घेतला, तिसऱ्यांदा शिंपी म्हणाला, "आता शिवणच उरली नाही, नवा शिवा." त्यावरही घरात हशा झाला.

दोन वर्षांपूर्वीपासून हंसा घरातही गायला लागली. सकाळचं जेवण झालं की मागच्या अंगणात, मोरीच्या दाराशी पाट टाकायची, पुढ्यात सुकट निवडायला घ्यायची आणि लग्नाची गाणी सुरू करायची. संध्याकाळच्या जेवणानंतर पुन्हा तेच. शेजारणी म्हणायच्या, "हंसाला पोरीच्या लग्नाची घाई झालीय. आत्तापासून गळा साफ करते."

आणि स्थळ आलंही. मोतीरामची बहीण नयन, चिखल्याला दिलेली, तिनंच आणलं. तिच्या जावेचा मुलगा हितेश, वापीला कंपनीत. साखरपुडा रविवारचा ठरला. नयन म्हणजे चालताबोलता दवंडीचा ढोल. पण अशा ढोलाशिवाय लग्नं जमत नाहीत, म्हणून हंसा तिच्यासमोर जीभ जरा दाताखाली ठेवी.

त्या बुधवारी नयन पेढ्यांचा पुडा आणि चिकूच्या फोडींचा डबा घेऊन आली. भाविकाच्या तोंडाशी पेढा नेऊन म्हणाली, "घे गो, सासरचा पहिला घास."

भाविकानं मान मागे घेतली. एकवीस वर्षांची पोर, गालफडं कानाखाली जराशी सुजल्यासारखी, बाकी सगळं अंग हाडाला चिकटलेलं. तिनं गळ्यावर हात ठेवला.

"आत्या, काटा अडकलाय. सकाळपासून."

झालं. माशावर जगणाऱ्या घरात याच्यापुढे काही विचारायचं नसतं. ताप म्हटलं तर चार प्रश्न येतात, पोट दुखतं म्हटलं तर आठ. काटा म्हटलं की सगळे नुसते धावतात. नयन भाताकडे धावली, हंसा केळ्याकडे. भाताचे लिंबाएवढे घट्ट गोळे केले, न चावता गिळायचे, म्हणजे काटा त्यांच्याबरोबर खाली जातो. एक, दोन, तीन. नयन समोर बसून मोजत होती. चौथ्याला भाविकाच्या डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात कोणीतरी बुधीबाईला बोलावलं. बुधीबाई जन्मली तीच पायांकडून, त्यामुळे तिच्या पायाला गुण. सत्तरीच्या त्या बाईनं भाविकाला अंगणात आडवं निजवलं, आणि डाव्या पायाचा अंगठा तिच्या गळ्यावरून तीनदा उतरवला, जणू कातडीवरून काटा खाली हाकलत होती.

"गेला," बुधीबाई म्हणाली.

"गेला," भाविका म्हणाली, उठली, आणि सरळ मोरीत गेली.

हंसानं पाट ओढला. सुकट निवडायचं सूप पुढ्यात घेतलं आणि गायला लागली. नयनला काय, गाणं म्हणजे जीव की प्राण. तिनंही शेजारी फतकल मारली आणि साथ धरली. दोघी नणंदा-भावजया अशा रंगल्या की शेजारच्या कुंपणापलीकडे दोन बायका उभ्या राहून ऐकू लागल्या. तिसऱ्या कडव्याला आतून ओरडणं आलं.

भाविका मोरीच्या कट्ट्याला धरून वाकली होती. छातीवर मूठ. "आई, इथं काहीतरी फाटलं," एवढंच म्हणाली, आणि आवाज तिचा राहिला नव्हता, नाकातून यावा तसा येत होता. बघता बघता गळा फुगला. हंसानं गळ्यावर बोटं टेकली आणि दचकून मागे घेतली. कातडीखाली कुरकुरलं. उन्हात कडक झालेला जवळा मुठीत दाबावा, तसं. जन्मभर तिच्या हातांनी जवळा दाबून पाहिला होता, सुकला का म्हणून. लेकीच्या गळ्यात तो आवाज तिनं कधी ऐकला नव्हता.

"काटा आत घुसला!" नयन किंचाळली. "डहाणूला चला!"

"डहाणूला नको," हंसा म्हणाली. एवढ्या घाईतही म्हणाली. "केसपेपरच्या रांगेत निम्मा बाजार उभा असतो. तलासरीला हायवेवर ते मोठं झालंय ना, तिकडं."

झरीच्या रस्त्यानं शेजाऱ्याची गाडी उडत गेली. भाविका बसूनच श्वास घेत होती, आडवी झाली की गुदमरत होती. नयन पुढच्या सीटवरून फोनवर सगळ्यांना सांगत होती, काटा, काटा, मोठा काटा. फोनवरून फोनवर जाताना तो काटा वाढत चालला होता. चिखल्याला पोचेपर्यंत तो बहुधा भाल्याएवढा झाला असेल.

हॉस्पिटलात एक्स-रेचा फोटो काढायच्या खोलीत एकालाच सोडत होते. हंसा आत गेली. यंत्रापाशी तिशीची एक सावळी, ठेंगणी बाई होती, पांढऱ्या कोटाच्या खिशावर नाव: संगीता. हंसानं तिच्याकडे एकदा पाहिलं आणि कपाळाला आठी घातली.

"तू काढणार फोटो? गाव कुठलं तुझं?"

"इथलंच, तलासरीचं. पाड्यावर घर आहे." संगीतानं भाविकाच्या गळ्यातली चेन काढून हंसाच्या हातात दिली. "मावशी, पेशंट प्रेग्नंट नाही ना?"

हंसाचा चेहरा पेटला. "तोंड सांभाळ! लग्न नाय झालं पोरीचं. काटा अडकलाय नि तू पोटाचं काय विचारतेस? डोंगरात हेच शिकवतात काय?"

"मावशी, बाईमाणसाचा फोटो काढायच्या आधी विचारावंच लागतं. कलेक्टरची बायको आली तरी विचारीन," संगीता न चिडता म्हणाली. "हात वर कर गं. छाती इथं टेकव. कुठल्या माशाचा काटा?"

"बोंबलाचा," भाविका त्या नाकातल्या आवाजात म्हणाली.



त्या सकाळी घरात बोंबीलच शिजले होते, दुसरं काही नव्हतं. आणि बोंबलाचा काटा म्हणजे मऊ दोरा. दात नसलेली म्हातारी माणसंही तो चावून गिळतात. या किनाऱ्यावर रांगणारं पोरही हे जाणतं. भाविकालाही ठाऊक असायला हवं होतं. पण तिनं मासा शेवटचा पोटात कधी ठेवला होता, तेच तिला आठवत नसावं. आणि हंसा? हंसाला तर हे अंगणातच ठाऊक होतं, केळं सोलताना, भाताचा गोळा वळताना. तरी ती धावली होती. काटा ही फार सोयीची गोष्ट होती.

"बोयचा," ती घाईनं म्हणाली. "घाबरलीय पोर. बोयचा काटा. लांब असतो तो, तुला कळायचं नाय."

संगीतानं भाविकाचा उजवा हात यंत्राच्या मुठीवर ठेवला होता. तो तिनं जरा वळवून पाहिला. पहिल्या दोन बोटांच्या मुळाशी कातडी जाड, काळी पडलेली, मध्ये पांढरे वण.

"मावशी, हे कशानं?"

"कोळंबी सोलताना लागतं. आमच्याकडं सगळ्यांनाच."

"मग डाव्याला का नाही? कोळंबी धरायला डावा लागतो ना?" संगीता म्हणाली. "आम्हीही खातो मासे. ओढ्याचे, खाडीचे, बाजारचे. माझी आई तुमच्याच बाजारात बोंबील घ्यायला यायची. तुमच्यासारख्याच कोणीतरी तिला एकदा विचारलं होतं, 'तुला शिजवता येतो काय?' ती ते शिजवून मला खाऊ घालत, शाळा शिकवत गेली, म्हणून मी इथं उभी आहे." मग भाविकाला म्हणाली, "श्वास घे. होईल तेवढाच. धर. सोड."

हंसा हातातली चेन पदराच्या गाठीत बांधायला लागली. 

फोटो लगेच पडद्यावर उमटला. संगीतानं तो निरखला आणि फोन उचलून फोटो वाचणाऱ्या डॉक्टरांना बोलावलं. आलेली डॉक्टर चष्मेवाली, तरुण, घाईतली. तिनं भाविकाला बाहेर चाकाच्या खुर्चीत ऑक्सिजन लावून बसवायला सांगितलं, आणि हंसाला पडद्यापुढे उभं केलं. नयन दाराच्या फटीतून आत आलीच.

"कुठाय काटा?" नयन म्हणाली.

"काटा दिसत नाही. पण सगळे काटे फोटोत दिसतातच असं नाही," डॉक्टर म्हणाली. "हवा मात्र दिसते. ही हृदयाची कड. तिला लागून ही काळी रेघ बघा. ही हवा आहे. छातीतली हवा फुप्फुसाच्या आत हवी, ही बाहेर सुटलीय आणि वर चढून गळ्याच्या कातडीखाली गेलीय. म्हणून कुरकुरतंय."

"म्हणजे काट्यानं भोक पाडलं!" नयन.

"काट्यानंही पडू शकतं. जोराच्या उलटीनंही हवा अशी सुटते. दोन्हींचा रस्ता वेगळा." डॉक्टर हंसाकडे वळली. "काटा असेल, तर घशाचे डॉक्टर भूल देऊन दुर्बीण घालतील आणि काढतील. त्यांना बोलावलंय, पंधरा मिनिटांत पोचतील. पण उलटीनं अन्ननळीला चीर गेली असेल, तर तिच्यात दुर्बीण घालणं म्हणजे चीर वाढवणं. मग आधी औषध पाजून सीटी काढायचा, ते नळीबाहेर गळतंय का ते बघायचं. आणि रोजच्या उलट्या असतील, तर रक्तातले क्षार उतरलेले असतात. तशात भूल दिली तर हृदय बंद पडू शकतं. रक्त पाठवलंय, पण मला आत्ता सांगा. पोरगी उलटी करते का? तिला विचारलं, ती नाही म्हणते."

"उलटी?" नयन डोळे वटारून म्हणाली. "डॉक्टरबाई, रविवारी साखरपुडा आहे तिचा. असलं काय बोलू नका. लोक काय समजतील!"

लोक काय समजतील, ते हंसाला चांगलं ठाऊक होतं. बिनलग्नाची पोरगी ओकते म्हटल्यावर गाव एकच हिशेब करतं, आणि बोटांवर महिने मोजतं. तिनं स्वतः मोजले होते, दुसऱ्यांच्या पोरींचे. त्यावर गाणीही जुळवली होती. म्हणूनच तर दोन वर्षं.

"नाय," ती म्हणाली. शब्द सवयीनं बाहेर आला.

डॉक्टरनं सुस्कारा सोडला. पेन पडद्यावर खाली नेलं. "मग ही बरगडी. इथं गाठ दिसते? मोडून आपोआप सांधलीय. केव्हा पडली होती?"

"पडली नाय कधी."

"एकवीस वर्षांच्या मुलीची बरगडी न पडता मोडत नाही. हाडं ठिसूळ झाली की मात्र मोडते, नुसत्या उबळीनंही. ही हाडं बघा, किती फिकी. नीट मोजायला दुसरा फोटो लागेल, पण इतकं तर साध्या फोटोतही दिसतंय."

हंसाला गेली दिवाळी आठवली. भाविका कुशीला हात लावून म्हणाली होती, आई, इथं कळ येते. आणि ती? ती रांगोळीतून मान वर न करता म्हणाली होती, "वाऱ्यानं मोडलीस वाटतं!" आणि ओटीवरच्या बायका हसल्या होत्या. छान जमलं होतं ते.

तिनं पडद्याकडे पाहिलं. बाजारातली सगळी मासळी ती कल्ला उघडून ओळखायची, ताजी की शिळी, कालची की परवाची. शहरातून आलेल्या गिऱ्हाइकांना हसायची, यांना डोळे असून दिसत नाही म्हणून. आणि इथं तिची लेक आतून उघडून मांडली होती, काळ्यावर पांढरी. वाळत घातलेल्या बोंबलांसारख्या त्या बरगड्या, एकीखाली एक, वारा आला तर सळसळतील अशा. हे बघायला यंत्र लागलं. ज्या पोरीला तिनं नऊ महिने आत ठेवलं, तिचं आतलं बघायला पाड्यावरच्या बाईनं बटण दाबावं लागलं.

कारण बघायचं नव्हतं. ऐकायचं तर त्याहून नव्हतं.

दारातून चाकाची खुर्ची दिसत होती. ऑक्सिजनच्या मास्कवर भाविकाचे डोळे. संगीता तिच्या खुर्चीपाशी उकिडवी बसून तिचा तो वणांचा हात धरून होती. भाविका मात्र आईकडे बघत होती. त्या नजरेत विनवणी होती, पण कशाची, सांगू नकोस म्हणून की सांग म्हणून, ते हंसाला कळेना. दोन वर्षं तिनं ते कधी विचारलंच नव्हतं.

"वहिनी, सही करून टाक," नयन कानाशी म्हणाली. "काटा काढतील नि रविवारपर्यंत पोरगी उभी. मी चिखल्याला तसंच सांगितलंय."

कॉरिडॉरमध्ये घाईची पावलं वाजली. हिरव्या कपड्यातला एक जाडसर माणूस येत होता. "कुठाय काट्याची केस?" त्यानं लांबूनच विचारलं. हंसाच्या पुढ्यात संमतीचा कागद आला, वर पेन.

तिनं पेन हातात घेतलं. मग तसंच खाली ठेवलं.

"नयन, तू गप ऱ्हा," ती म्हणाली. "चिखल्याला काय सांगायचं ते सांग." मग ती डॉक्टरकडे वळली, आणि सबंध बाजाराच्या गोंगाटावर तरणारा तो गळा इतका खाली आला की डॉक्टरला पुढे वाकावं लागलं.

"काटा नाय. बोंबील होते सकाळी, नि तेपण हिनं खाल्ले नाय. ओकते ती. दोन वर्षं झाली, जेवली की मोरीत जाते नि बोटं घालते. पोटुशी नाय, बाधा नाय, ओकते. मला पहिल्या दिवसापासून ठाऊक हाय. शेजारी आवाज जाऊ नये म्हणून मी मोरीच्या दाराशी बसून गायचे. आजपण गायले. आत पोर फाटत होती, नि मी बाहेर गात होते."